मदत हवी आहे : ड्रायव्हरच्या रिमूव्हमध्ये इंटरप्ट आधी सोडायचा की वर्क?

नमस्कार मंडळी. परभणीकडे सोयाबीनच्या वावरात जमिनीतली ओल मोजणारा बोर्ड आहे. त्याचा प्लॅटफॉर्म ड्रायव्हर (बोर्ड चालवणारा कर्नलमधला कोड) लिनक्स 5.10 वरून 6.12 वर न्यायचाय. 6.11 पासून रिमूव्ह (डिव्हाइस काढताना कर्नल बोलावतो ते फंक्शन) व्हॉइड झालंय, म्हणजे त्याला एरर परत देताच येत नाही, आणि बरंच झालं म्हणा! जुना कोड बोर्डाने उत्तर दिलं नाही की मधूनच एरर देऊन बाहेर पडायचा. कर्नल ती एरर मनावर न घेता डिव्हाइस काढायचा, रेग्युलेटर (बोर्डाचा वीजपुरवठा) मात्र चालूच. तेवढं निस्तरलं.

अडलंय इंटरप्टपाशी, म्हणजे बोर्डाकडून येणाऱ्या इशाऱ्यापाशी. तो डेव्हएमने (घेतलेल्या गोष्टी शेवटी आपोआप, उलट्या क्रमाने सोडणारी कर्नलची सोय) घेतलाय, म्हणजे रिमूव्ह संपल्यावरच सुटणार. वर्क (नंतर करायला रांगेत लावलेलं काम) मात्र रिमूव्हमध्येच रद्द होतं. मधल्या फटीत इंटरप्ट आला तर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) वर्क पुन्हा रांगेत लावणार, आणि ते चालेल तोवर मेमरी गेलेली असेल.

प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडताना चालणारं फंक्शन) इंटरप्ट मागण्याआधीच वर्क रद्द करण्याची डेव्हएम ॲक्शन नोंदवली तर उलट्या क्रमाने आधी इंटरप्ट सुटेल, असं मला वाटतं. की रिमूव्हमध्ये सुरुवातीलाच डिसेबल आयआरक्यू (इंटरप्ट बंद करणं) पुरे? आणि रेग्युलेटरही त्याच साखळीत घ्यावा का? बोर्ड चालू असताना कुणी उपटत नाही. फक्त अनबाइंड (ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवणं) आणि मॉड्यूल काढणं सांभाळायचंय.