अंतरा इंजेक्शन थांबवल्यावर त्याचा अंमल किती दिवस राहतो?

प्रश्न
माझे वय २९ असून मला चार वर्षांची मुलगी आहे. गावच्या उपकेंद्रात मी दर तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनचे सहा डोस घेतले, त्यांतला शेवटचा जानेवारीत झाला. दुसऱ्या बाळाचा विचार असल्यामुळे एप्रिलचा डोस घेतला नाही; मात्र ऑगस्ट संपत आला तरी पाळी आलेली नाही, मधूनच दोन-तीन दिवस तपकिरी डाग दिसतात एवढेच. सासूबाई म्हणतात की इंजेक्शनने पिशवी सुकली. माझ्या जाऊबाईंना माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर तिसऱ्याच महिन्यात दिवस गेले, मग माझ्याच बाबतीत असे का?

उत्तर १
ताई, मी उपकेंद्रात परिचारिका आहे. सर्वांत आधी आशाताईंकडून गर्भ तपासणीचे 'निश्चय' किट घेऊन सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा, कारण स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते आणि त्यामुळे एकदाही पाळी न येता गर्भ राहू शकतो. याच कारणासाठी ज्यांना इतक्यात मूल नको आहे त्यांनी डोस चुकवल्यावर पाळी येण्याची वाट न पाहता निरोध वापरावा.

पिशवी सुकते हे खरे नाही. अंतराच्या कुपीत तळाशी पांढरा साका बसलेला असतो, म्हणून आम्ही ती नीट हलवून दुधासारखी एकजीव करून घेतो आणि इंजेक्शन दिल्यावर 'ती जागा चोळू नका, शेकू नका' असे बजावतो. तो साका म्हणजे औषधाचे बारीक कण. ते स्नायूत राहून सावकाश विरघळतात, आणि चोळल्यास औषध लवकर शोषले जाऊन तीन महिने पुरत नाही.

उत्तर २
मी औषधनिर्माता आहे. जाऊबाईंशी तुलना केल्यामुळे तुमची काळजी विनाकारण वाढली आहे, कारण ही दोन औषधे शरीरात वेगळ्या रीतीने वावरतात. माला-एनच्या गोळीतील लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल या संप्रेरकांचे रक्तातील प्रमाण साधारण एका दिवसात निम्म्यावर येते, म्हणजे गोळी थांबवल्यावर आठवड्याभरात शरीरात नाव घेण्याइतकेही काही उरत नाही. अंतरामध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक १५० मिलिग्रॅम एकदम दिले जाते, त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे ५० दिवस लागतात आणि ते रक्तात मोजता न येण्याइतके कमी व्हायला शेवटच्या डोसपासून साधारण १२० ते २०० दिवस जातात.

त्यानंतरही मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे संदेश पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मूल हवे म्हणून हे इंजेक्शन थांबवणाऱ्या स्त्रियांना गर्भधारणेसाठी शेवटच्या डोसपासून सरासरी १० महिने लागतात. काहींना चौथ्या-पाचव्या महिन्यात दिवस जातात, तर काहींना दीड वर्षही लागते. डोस दोन घेतले की सहा, यावर हा विलंब अवलंबून नसतो. मात्र शेवटच्या डोसला १२ महिने होऊनही पाळी आली नाही, किंवा आधीपासून थायरॉईडचा वा अनियमित पाळीचा त्रास असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. तोवर डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिडची गोळी आतापासूनच सुरू करणे चांगले.

उत्तर ३
माझी पाळी शेवटच्या डोसनंतर नवव्या महिन्यात आली. आधी असेच डाग दिसत होते, आणि त्या काळात घरच्यांच्या बोलण्याचा जो त्रास झाला तो शरीराच्या त्रासापेक्षा कितीतरी जास्त होता, म्हणून तुमचे लिहिणे वाचून राहवले नाही. आज माझा मुलगा दोन वर्षांचा आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. किटवर एकच रेघ आली, म्हणजे गर्भ राहिलेला नाही. अंतराचे कार्ड शोधून पाहिले, त्यावर शेवटची तारीख १८ जानेवारी आहे, म्हणजे १० महिने नोव्हेंबरात पूर्ण होतील. ते कार्ड सासूबाईंपुढे ठेवून मी त्यांना महिने बोटांवर मोजून दाखवले. सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फॉलिक ॲसिडविषयी विचारायला जाणार आहे, आणि सोबत त्याही येणार आहेत.