शंभर सुपरहिरोपट पाहिले, वहीत गुण दिले, 'एंडगेम'ला सहा. या भांडायला!

साडेसहा

झाले एकदाचे शंभर. सव्वादोन वर्षं, दर शनिवारी रात्री जेवणं आटोपली की एक सुपरहिरोपट. मधे दोन लग्नं, एक डेंगी आणि बायकोने घातलेली महिनाभराची बंदी, एवढे आठवडे बुडाले. १९७८ च्या 'सुपरमॅन'पासून सुरुवात केली आणि जसे प्रदर्शित झाले त्याच क्रमाने पुढे आलो. मालिका नाहीत, फक्त चित्रपट. शंभर पानी वही, एका चित्रपटाला एक पान.

गुणांची वाटणी अशी: गोष्टीला चार, खलनायकाला दोन, मारामारी आणि करामतींना दोन, उरलेले दोन 'दुसऱ्या दिवशी काय आठवलं' याचे. हा शेवटचा रकाना रविवारी संध्याकाळीच भरायचा, आधी नाही. शिवाय एक कपात. आधीचे चार-दहा चित्रपट पाहिल्याशिवाय हा कळतच नसेल, तर दोन गुण वजा. मी तिला गृहपाठ-कपात म्हणतो.

तर वहीतले काही आकडे. 'सुपरमॅन' (१९७८) ९. उडण्याच्या दृश्यांसाठी नाही, त्या एका दृश्यासाठी: लोइसच्या घरात क्लार्क (म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन) चष्मा काढतो, खांदे ताठ करतो, आवाज बदलतो, आणि ती आतून बाहेर येताच परत पोक काढून उभा राहतो. एकही करामत नाही, नुसता ख्रिस्तोफर रीव्ह. 'बॅटमॅन अँड रॉबिन' (१९९७) २. 'कॅटवुमन' (२००४) १, पण हॅली बेरी वाईट अभिनयाचा रॅझी पुरस्कार घ्यायला स्वतः आली, तीही हातात आपलं ऑस्कर घेऊन, त्याबद्दल तिला वहीच्या समासात सलाम. 'इन्क्रेडिबल्स' ९. 'डार्क नाइट' साडेआठ. 'लोगन' ९. 'मिन्नल मुरली' ८. पहिला नंबर 'स्पायडरमॅन २' (२००४), साडेनऊ. या हिरोची पिझ्झा पोचवायची नोकरी जाते, भाडं थकतं, पोशाख धुवायला टाकला तर त्याचा रंग बाकीच्या कपड्यांना लागतो. जग वाचवण्याआधी त्याला महिनाअखेर वाचवायची असते.

आणि 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९). आठ वजा दोन, सहा. आता बोला.

शेवटची_रांग

बोलतोच. २६ एप्रिल २०१९, पहिल्याच दिवशी सकाळचा शो. कॅप्टन अमेरिकाने थॉरचा हातोडा, जो फक्त लायक असलेल्यालाच उचलता येतो, उचलला तेव्हा आमच्या थिएटरात जो आवाज झाला तसा मी फक्त वानखेडेवर ऐकलाय. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. तो क्षण का जमला? कारण २०१५ च्या चित्रपटात एका पार्टीत सगळे तो हातोडा उचलून बघतात, कॅपच्या हातून तो किंचित हलतो, आणि थॉरचं हसू अर्धा सेकंद विरतं. चार वर्षं आम्ही ते अर्धं सेकंद सांभाळून ठेवलं होतं. तुम्ही त्याचेच दोन गुण कापलेत. ज्याचं बक्षीस द्यायचं त्याचाच दंड!

शिवाय तुम्ही तो शनिवारी रात्री घरी, बहुतेक आवाज बारीक करून पाहिलात. तीन तासांचा चित्रपट. मधे कितीदा फ्रीजकडे गेलात तेही लिहा वहीत.

कटिंग_चहा

दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसे २०१९ मध्येच म्हणून गेलाय की हे चित्रपट थीम पार्कसारखे आहेत, सिनेमा नव्हेत. पाळण्याला कोणी दहापैकी गुण देतं का?

शेवटची_रांग

आला स्कोर्सेसे. दुसऱ्याच प्रतिसादात. मला वाटलं होतं निदान दहावा उजाडेल.

हरदासी

मूळ लेखकांचा कपातीचा नियम मला अजिबात पटलेला नाही, आणि कारण जरा लांबून सांगावं लागेल.

आमच्या गावच्या देवळात उत्सवाला कीर्तन असायचं. बुवा उत्तररंगाला चिलया बाळाचं आख्यान लावायचे. समोर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायचं की श्रियाळ-चांगुणा आपल्याच मुलाला उखळात कांडणार, आणि शेवटी देव त्याला परत देणार. माझ्या आजीने ते आख्यान पन्नासदा तरी ऐकलं असेल. ती चांगुणेच्या ओवीला रडायचीच, आणि बुवांनी सुरुवात करायच्या आधीच पदर हातात घेऊन बसायची. ठाऊक आहे म्हणून रडायची, ठाऊक असूनही नव्हे. आपल्याकडे 'आधीचं माहीत असणं' हा प्रेक्षकाचा अधिकार आहे. कर्ण रंगमंचावर आला की त्याची जन्मकथा कोणी विचारत नाही. मग मार्व्हलचे आधीचे २१ चित्रपट पाहून आलेल्या प्रेक्षकाला २२ वा चित्रपट ओळखीच्या माणसासारखा वागवतो, यात चुकलं काय?

सुट्या चित्रपटाचाच आग्रह ही एका तिकिटाची, एका संध्याकाळची सवय आहे. गोष्ट सांगायची ती एकच रीत नव्हे.

साडेसहा

हरदासी, प्रतिसाद आवडला, आणि त्याने रात्री झोप लागू दिली नाही. पण एक बघा. तुमचे बुवा चिलया कोण, श्रियाळ कोण, अतिथी का आला, हे सगळं त्या रात्री पुन्हा सांगतात. आजीच्या मांडीवरचं सहा वर्षांचं पोर पहिल्यांदाच ऐकत असतं आणि तेही रडतं. गाभा ठाऊक असलेल्याला जास्त मिळतं, नसलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. माझी कपात जास्तीच्या आनंदावर नाही. उपाशी पाठवण्यावर आहे.

आणि हे सुपरहिरोपटांना जमतं! 'इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मध्ये एकामागून एक नवा स्पायडरमॅन येतो आणि प्रत्येक जण आपली कुळकथा अर्ध्या-एका मिनिटात धावत सांगून मोकळा होतो. तिसऱ्यांदा तर तो विनोदच होतो. पोर असो की आजी, दोघांची सोय.

शेवटची_रांग, फ्रीजकडे दोनदा. आवाज बारीक होता, मान्य.

टिंगल_टवाळ

'स्पायडरमॅन २' नावातच २ आहे. त्याचे दोन कापले का नाहीत? आवडत्या मुलाला वशिला?

साडेसहा

कारण त्याची श्रेयनामावलीच पहिला भाग सांगते. नावं येत असताना मागे चित्रं येतात, त्यांत आधीची सगळी गोष्ट आहे. तीन मिनिटांत उजळणी. हाच तर माझा मुद्दा आहे हो.

तपासनीस_बाई

मी बावीस वर्षं दहावीचे पेपर तपासते आहे, त्यामुळे या धाग्यात मला वेगळीच चिंता वाटते. पहिल्या गठ्ठ्याला हात आखडतो, कारण पुढे किती चांगलं येईल याची कल्पना नसते. मधल्या गठ्ठ्यांत हात बसतो. रात्री अकरानंतरच्या गठ्ठ्याला एकतर उगाच सढळ किंवा उगाच चिडका. हे परीक्षकाचं पाप नाही, माणसाचा स्वभाव आहे, म्हणूनच आमच्यावर नियामक असतो आणि काही उत्तरपत्रिका पुन्हा बघतो.

तुमच्यावर नियामक कोण? १९७८ पासून क्रमाने बघत आलात, तर 'एंडगेम' सत्तर-ऐंशीच्या आसपास आला असणार. तोवर आकाशातून पडणारे निळे झोत बघून तुम्ही आधीच कंटाळला असाल. त्याचा राग शेवटच्या गठ्ठ्यावर निघाला नाही कशावरून? पहिल्या दहांतले चार आणि शेवटच्या दहांतले चार पुन्हा तपासा, जुने गुण झाकून. मग भांडू.

रोटोवाला

निळ्या झोतावरून आठवलं. मी मुंबईत पाच वर्षं रोटोचं काम केलं. रोटो म्हणजे चित्रातल्या माणसाची बाह्यरेषा फ्रेमगणिक कापायची, म्हणजे मागे दुसरं काही लावता येतं. सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० वेळा तोच हात, तेच केस. केस सगळ्यात छळतात. मोकळे, वाऱ्यावर उडणारे लांब केस असलेली नायिका आली की आमच्या रांगेत सुस्कारा टाकायचे सगळे.

साडेसहा, 'करामती: दोनपैकी अर्धा' असं तुम्ही ज्यांना दिलं असेल त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांत कलाकार कमी पडलेला नसतो, कॅलेंडर कमी पडलेलं असतं. शेवटची लढाई प्रदर्शनाला थोडे महिने उरेपर्यंत बदलत राहते. काल पुलावर होती, आज बोगद्यात. कापलेलं सगळं पुन्हा कापायचं. अमेरिकेत मार्व्हलच्याच व्हीएफएक्सच्या (संगणकावरच्या करामतींच्या) लोकांनी २०२३ मध्ये युनियनसाठी मतदान केलं, ते उगाच नाही. आमच्याकडे युनियनचा विषय काढला की लोक चहा प्यायला उठायचे.

गुण तुम्ही पडद्यावर दिसतं त्यालाच द्या, माझी तक्रार नाही. फक्त रकान्याचं नाव बदला. 'करामती'ऐवजी 'वेळ' लिहा.

कटिंग_चहा

वा. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. स्कोर्सेसे तात्पुरता मागे घेतो.

जुना_वेताळ

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेला म्हातारा आहे, त्यामुळे दोन प्रश्न. शंभरांत देशी किती? आणि 'मि. इंडिया' (१९८७) कुठे आहे?

साडेसहा

देशी अकरा. 'क्रिश' आहे, 'रा.वन' आहे, 'भावेश जोशी' आहे, मराठीतला 'बाजी' (२०१५) आहे. 'मि. इंडिया' घेतला नाही, कारण त्याच्यात स्वतःत शक्ती काही नाही. मनगटावरचं यंत्र काढलं की साधा माणूस.

जुना_वेताळ

बरं. मग 'आयर्न मॅन'चं पान फाडा. तोही चिलखत काढलं की साधा माणूस, फक्त श्रीमंत. बॅटमॅनची सगळी पानं फाडा. वही हलकी होईल.

अहो, सुपरहिरोला लागतं ते सगळं आहे त्यात. वडिलांकडून आलेला वारसा. दुहेरी ओळख. दुबळी जागासुद्धा: लाल प्रकाशात तो दिसतो. सुपरमॅनच्या हिरव्या दगडाइतकीच साधी युक्ती, आणि घरच्या घरी लाल जिलेटिन कागद डोळ्याला लावून खेळता येणारी. आम्ही मुलांना तसं खेळताना पाहिलंय. आणि खलनायकाच्या रकान्यात अमरीश पुरी. दोनपैकी किती देणार?

दुसरं. मालेगावचं काय? यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिरने हिरवा पडदा लावून आपला सुपरमॅन उडवला. सुपरमॅन झालेला शफीक मागावर काम करणारा काटकुळा मुलगा, तो पुढे कर्करोगाने गेला. त्यावरचा फैझा अहमद खानचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २०१२ मध्ये थिएटरला लागला होता. तुमच्या चार रकान्यांत तो कुठे बसतो बघा. गोष्ट चार, खलनायक दोन... खलनायक कोण लिहिणार? पैसा?

शेवटची_रांग

काका, तुम्ही माझ्या बाजूने आहात की नाही ते कळेना, पण +१.

साडेसहा

दोन आठवडे गायब होतो, कारण बाईंचं ऐकलं. आठ चित्रपट पुन्हा पाहिले, जुने गुण बायकोने टाचणी लावून झाकले. निकाल लाज आणणारा आहे. 'एक्स-मेन' (२००० चा) आधी ६ होता, आता साडेसात. तेव्हा मला तो भुरकट आणि चणचणीतला वाटला होता. ऐंशी चित्रपट पाहून आल्यावर कळलं की त्यात माणसं बसून बोलतात आणि लढाई एका खोलीएवढ्या जागेत संपते, याचंच सुख आहे. उलट 'बॅटमॅन' (१९८९) आठवरून सातवर आला. जोकर झालेला निकल्सन तसाच धमाल, पण बॅटमॅन स्वतः चित्रपटात पाहुण्यासारखा वाटला. सहांत फरक, दोनच जागेवर. बाई, तुमचा गठ्ठा बरोबर होता.

'एंडगेम'साठी वेगळा प्रयोग केला. माझी मावसबहीण, वय ४२, या मालिकेतला एकही चित्रपट न पाहिलेली. तिला सोफ्यावर बसवलं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं. चाळिसाव्या मिनिटाला मोबाईल हातात. हातोड्याला तिने विचारलं, "जड होता का?" (रांगवाले, क्षमस्व.) आकाशातली ती सोनेरी दारं उघडली, एकेक जण येऊ लागला, तर म्हणाली, "हे कुठले पाहुणे?" मी मनात म्हटलं, झालं, दोन गुण कापले ते योग्यच.

मग टोनी स्टार्क गेल्यावर त्याचा आधीच नोंदवून ठेवलेला निरोप घरच्यांसमोर लागतो, समोर त्याची लहान मुलगी. माझी बहीण ढसाढसा रडली. तिचे वडील गेल्याला अजून वर्ष झालेलं नाही. तिला टोनी कोण, अणुभट्टी कसली, काही ठाऊक नव्हतं. तेवढं चित्रपटाने त्याच रात्री सांगितलं होतं: बाप आहे, मुलगी आहे, त्याने जायचं ठरवलंय.

म्हणजे उपाशी पाठवलं नाही. पण पंगत संपता संपता वाढलं.

हरदासी

मग?

साडेसहा

कपात दोनऐवजी दीड.

हरदासी

अर्धा गुण! अहो, बुवांच्या आरतीच्या ताटात लोक याहून जास्त टाकतात.

जुना_वेताळ

आणि 'मि. इंडिया'?

साडेसहा

पाहिला. नऊ. वही भरली होती, मागच्या पुठ्ठ्यावर लिहिला. मालेगावचाही पाहिला, त्याच्या पुढे आकडा अजून घातलेला नाही.

टिंगल_टवाळ

थांबा, आठ वजा दीड म्हणजे 'एंडगेम'ला साडेसहा. नावाला जागलात की!