सीआरपी नॉर्मल, मग दुखणं मनाचंच?

शेवगा: शरीरातला दाह (सूज) दाखवणाऱ्या सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्यांबद्दल कालच्या धाग्यावर ठणकावून लिहिलंय: "सीआरपी, ईएसआर नॉर्मल, म्हणजे अंगदुखी-थकवा मानसिक. विषय संपला." संपला कसा? सीआरपी हे प्रथिन लिव्हरमध्ये तयार होतं. मज्जातंतूंच्या पेशींच्या गुच्छांभोवती काय धुमसतंय ते त्यात उमटेलच असं नाही. २०२१ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर जुनाट दुखणं) रुग्णांची आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडी) उंदरांना टोचली, तर नुसत्या दाबाने आणि गारव्याने ते कळवळायला लागले. निरोगी माणसांच्या आयजीजीने तसं झालं नाही.

टेस्टट्यूब: माणसांचं बोला. क्रॉनिक फटीगमध्ये (न हटणाऱ्या थकव्याचा आजार) नॉर्वेत १५१ रुग्णांवर रिटुक्सिमॅबची (इम्युनिटीच्या बी-पेशी मारणारं औषध) चाचणी झाली. २०१९ चा निकाल: प्लासिबोइतकंच (नकली औषधाइतकंच). नेदरलँड्समध्ये ५० बायकांवर अनाकिन्राची (दाह अडवणारं औषध) झाली, रोज १०० मिग्रॅ, चार आठवडे. तेही फुकट. दाह अडवून थकवा हटत नाही, तर कारण दाहच कशावरून?

शेवगा: दोन औषधं फसली म्हणून अख्खी इम्युनिटी निर्दोष? हेपटायटिस सीला इंटरफेरॉन (इम्युनिटी चेतवणारं औषध) द्यायचे तेव्हा थकवा, अंगदुखी, उदासी कुठून यायची?

टेस्टट्यूब: औषध थांबलं की बहुतेकांची ती लक्षणं उतरायची. वर्षानुवर्षांच्या दुखण्याला तो दाखला लावू नका.

लॅबमधला: तुमचं चालू द्या, पण 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट) घुसडणाऱ्यांना कोण बोलणार? १:४० टायटरला (रक्त किती पातळ केलं तरी पॉझिटिव्ह दिसतं ते माप) निरोगी माणसांतही ३० टक्क्यांच्या आसपास पॉझिटिव्ह येतात, १:१६० ला ५ टक्के. रिपोर्टवर टायटर नाही, पॅटर्न नाही, नुसतं ठळक 'पॉझिटिव्ह', आणि पेशंट ल्यूपसच्या (इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) धास्तीने झोपत नाही! आयएल-६ची (दाहाचा निरोप देणारं एक सायटोकाइन) तीच गत. नळी तासन् तास बाहेर राहिली की पेशी आतच सायटोकाइन सोडतात. रक्त लगेच मशीनमध्ये फिरवून, पेशींपासून द्रव वेगळा करून गोठवायला हवा. ईएसआर तर नुसत्या ॲनिमियानेही चढतो.

कडूलिंब: एएनएला सरसकट झोडपू नका हो! सकाळी बोटं तासभर आखडतात, तोंडात व्रण, उन्हात गेलं की गालांवर चट्टे, तिथे ती करायलाच हवी. अशा बायकांना "टेन्शन घेऊ नका" सांगून घरी पाठवतात, संताप होतो. ल्यूपस भडकलेला असतानाही सीआरपी नॉर्मल राहू शकतो.

लॅबमधला: लक्षणं बघून करा, कोण नको म्हणतंय? पॅकेजात नको.

टेस्टट्यूब: ल्यूपसचा मुद्दा बरोबर आहे. "विषय संपला" हे चूक, एवढं मान्य. पण म्हणून फायब्रोमायल्जियाला स्टेरॉइड सुरू करू नका, उपयोग होत नाही. रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅने काहींना आराम पडतो.

शेवगा: स्टेरॉइड मी सुचवलंच नव्हतं. आणि अमिट्रिप्टिलिनने बरं वाटलं म्हणून कुणी पुन्हा 'मानसिक' म्हणू नये. डिप्रेशनला तेच औषध साधारण ७५ मिग्रॅच्या पुढे लागतं. १० मिग्रॅ दुखण्यावर आणि झोपेवर काम करतं.