वय तपासल्याशिवाय पॉर्न साइट उघडू नये, असा कायदा आपल्याकडे हवा का?

जास्वंद (धागाकर्ती):
ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून 'मी १८ वर्षांचा आहे' यावर नुसती टिचकी मारून पॉर्न साइटवर जाता येत नाही. वय साइटने खरोखर तपासायचं. नाही तपासलं तर १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड. आपल्याकडे मुलाला अश्लील पुस्तक विकलं तर न्याय संहितेच्या कलम २९५खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे टपरीवाला आत, आणि तेच फुकट वाटणारी परदेशी कंपनी मोकळी? माझा मुलगा सातवीत आहे. त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर काय फिरतं ते बघितलंय. 'आईबापांनी लक्ष द्यावं' हे आता ऐकवू नका. कायदा हवाच.

टेकडीवरचा:
करून झालंय की. २०१५च्या ऑगस्टमध्ये सरकारने ८५७ साइट बंद केल्या आणि आरडाओरडा झाल्यावर चार-पाच दिवसांत माघार घेतली. २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ बंद. त्यातल्या एका बड्या साइटने लगेच नवा पत्ता घेतला. पोरं व्हीपीएन (आपण कुठून बघतोय ते लपवून बंदी चुकवणारं अ‍ॅप) शिकली, एवढाच काय तो लाभ.

थेम्सकाठी:
बंदी वेगळी आणि वयाची तपासणी वेगळी. मी इथे ब्रिटनमध्ये, लेस्टरला राहतो. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, क्रेडिट कार्ड, ओळखपत्र असे पर्याय असतात. पहिल्याच आठवड्यात व्हीपीएनची अ‍ॅप डाउनलोडच्या यादीत वर गेली, हे खरं. सोळा वर्षांचा पोरगा वाट काढणारच. पण नऊ वर्षांचं पोर कार्टून शोधता शोधता भलतीकडे पोचतं, ते व्हीपीएन लावत बसत नाही. माझ्या मते कायदा त्याच्यासाठी आहे.

काळा कोट:
जास्वंदताई, भावना कळते, पण मेख वेगळीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अप्रमाणे असा मजकूर प्रसारित करणं हाच गुन्हा आहे, बघणारा चाळीस वर्षांचा असला तरी. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद. आता 'वय तपासून दाखवा' असा कायदा करायचा म्हणजे १८ वरच्यांना दाखवायला हरकत नाही, असं संसदेला लिहून द्यावं लागेल. कोणता पक्ष देईल? म्हणून आपल्याकडे कागदावर कडक बंदी असते आणि प्रत्यक्षात सगळं उघडं. ब्रिटनला ही अडचण नाही, तिथे प्रौढांना मुभा आधीपासून आहे.

टेकडीवरचा:
आणि तपासणार कशावर? आधारवर? कोण कधी काय बघतो याची वही एकदा तयार झाली की ती फुटणारच. तालुक्याच्या गावात एखाद्या बाईचं नाव त्यात निघालं तर तिचं काय होईल?

थेम्सकाठी:
नाव द्यावंच लागतं असं नाही. तपासणारी संस्था तिसरीच असू शकते, ती साइटला फक्त 'हो' किंवा 'नाही' कळवते.

टेकडीवरचा:
कागदावर.

खडू-फळा:
मी आठवी-नववीला शिकवते. जास्वंद, तुम्ही म्हणता ते ग्रुपवर आलंय, साइटवरून थेट नाही. टेक्सासचा असाच वय तपासण्याचा कायदा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ला ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला, त्यातही ज्या साइटवर एक तृतीयांशाहून जास्त मजकूर तसा आहे तिलाच तपासणी लागू आहे. टेलिग्रामवर फिरणारी क्लिप त्यात कुठे अडते? दुसरं, 'अश्लील' हा शब्द कायद्यात आला की पहिला फटका शिकवणाऱ्याला बसतो. र. धों. कर्व्यांना लैंगिक प्रश्नांवर लिहिल्याबद्दल कोर्टात उभं केलं होतं, १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर लढले. आणि २००७ला याच महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला आमदारांनीच विरोध केला. शाळेत बोलायचं नाही, घरात बोलायचं नाही, मग पोरं क्लिपवरूनच शिकणार.

जास्वंद:
शिक्षण द्या ना, कोण नको म्हणतंय? पण दहा वर्षांच्या पोराला आधी समजावायचं आणि मग ते बघू द्यायचं, असा क्रम आहे का? वर्गात पाऊण तास शिकवलेलं फोनवरच्या अर्ध्या मिनिटापुढे टिकत नाही. ग्रुपवर येतं तेही कुणीतरी साइटवरूनच उतरवलेलं असतं. नळ तिथेच आहे.

थेम्सकाठी:
एक मधला मार्ग. इथे मोबाइल कंपन्या बऱ्याच वर्षांपासून प्रौढ मजकूर मुळातच बंद ठेवून सिम देतात. हवा असेल त्याने वय सिद्ध करून उघडून घ्यायचा.

काळा कोट:
हे मात्र जमण्यासारखं आहे, ६७अ आडवं येत नाही. फक्त एक गोष्ट. आपल्याकडे १८ खालच्याला सिम मिळतच नाही, पोराच्या हातातलं सिम बापाच्याच नावावर असतं. बापाने उघडून घेतलं की पोरालाही उघडलं.

जास्वंद:
घेऊ दे की. गॅलरीत रांगेत उभं राहून 'माझ्या सिमवरची बंदी काढा' म्हणणारे किती बाप निघतात ते बघूच.