काराचा नंबर सरकत नाहीये, दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेता येतं का?

कांदिवलीकर_स
नमस्कार मंडळी, इथे दत्तक घेतलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते. आम्ही कारामध्ये, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत, रजिस्ट्रेशन करून बसलोय, होम स्टडी झाला, सोशल वर्कर मॅडम घरी येऊन खिडकीच्या ग्रिलपासून बँक बॅलन्सपर्यंत सगळं विचारून गेल्या, आणि आता नुसता नंबर बघायचा. ह्यांना तर सवयच लागलीय, लोकलमध्ये चढले की आधी पोर्टल उघडायचं. सासूबाईंचं वेगळंच, पूर्वी लोक माटुंग्याला श्रद्धानंद महिलाश्रमात जाऊन चौकशी करायचे, तुम्ही मोबाइलवर कसलं मूल शोधताय. आता ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने डोक्यात भरवलंय की बाहेरच्या देशातून, म्हणजे नेपाळ वगैरे, लवकर मिळतं. फॉरेनचे लोक आपल्याकडून मुलं नेतातच ना, मग आपण का नाही आणायची? मला पण पटतंय पण शोधायला गेलं की सगळी माहिती इथून बाहेर मूल न्यायची, आणायची कुठेच नाही. आमच्या दोघांची वयं मिळून ८४ होतात त्यामुळे जास्त टेन्शन आहे. कुणी केलंय का असं? आणि प्लीज डॉक्टरांचे नि देवस्थानांचे पत्ते देऊ नका, ते सगळं करून झालंय.

पक्या_भांडुप
आमच्या गावाकडच्या एकांनी नेपाळ बॉर्डरवरून आणलंय म्हणे, कुणाला काही कळलं पण नाही. स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र केलं की झालं. विचारून सांगू का?

दादरचा_वकीलबाबू
पक्या, नको विचारूस.
ताई, बाहेरून मूल आणता येतं, बंदी नाहीये. २०२२ च्या ॲडॉप्शन रेग्युलेशन्समध्ये त्यावर नियम आहे, अगदी छोटा, कारण खरं काम आपल्याकडे होतच नाही. दत्तकाची सगळी प्रक्रिया मुलाच्या देशात, तिथल्या कायद्याप्रमाणे पूर्ण करायची. कारा तुमचा होम स्टडी आणि मुलाचे रिपोर्ट, मेडिकल वगैरे बघून हेग कन्व्हेन्शनच्या, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, आर्टिकल ५ आणि १७ खाली मंजुरी देतं. पुढे मुलाचा पासपोर्ट त्या देशाचा असणार, म्हणजे तिथल्या आपल्या दूतावासातून एंट्री व्हिसा, वर एफआरआरओचं, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या सरकारी ऑफिसचं, इमिग्रेशन क्लिअरन्स. तुम्ही दत्तक घेतलंत म्हणून मूल आपोआप भारतीय होत नाही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.
आता 'लवकर' बद्दल. हेग कन्व्हेन्शन १९९३ चं, भारत त्यात २००३ पासून आहे. त्याचं मुख्य सूत्र असं की मुलाला आधी त्याच्याच देशात घर शोधायचं, नाहीच मिळालं तर बाहेर. म्हणजे ज्या तान्ह्या बाळासाठी तुम्ही इथे थांबलाय तसं बाळ तिथेही आधी तिथल्याच लोकांना जाणार ना? आणि दारं बंद होत चाललीत. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, चीनने २०२४ मध्ये, फक्त जवळच्या रक्ताच्या नात्यातलं नि सावत्र मूल सोडून. नेपाळने हेगवर सही केलीय पण पुढचं रॅटिफिकेशन, म्हणजे करार पक्का लागू करून घेणं, नाही, आणि तिथले कागद भरवशाचे नाहीत म्हणून २०१० मध्ये अमेरिकेसकट बऱ्याच देशांनी तिथून बेवारस म्हणून दाखवलेली मुलं घेणं थांबवलं होतं. त्या मुलांचे आईबाप जिवंत आहेत की नाहीत हेच कागदावरून खात्रीने कळत नव्हतं. ऑफिसवाल्या साहेबांना एवढं विचारा.

चिमणीची_आई
ताई तुमची पोस्ट वाचून आमचे ते दिवस आठवले, आम्हीही असेच रोज लॉगिन करायचो नि जणू म्हाडाची लॉटरी असल्यासारखे एकमेकांकडे बघायचो. पण ही लॉटरी नाहीये, रजिस्ट्रेशन पूर्ण झाल्या तारखेची सिनियॉरिटी असते, नंबर हळू का होईना सरकतोच. वयाचं म्हणाल तर नवराबायकोच्या वयांच्या बेरजेची ८५ ची मर्यादा दोन वर्षांखालच्या बाळासाठी आहे, २ ते ४ साठी ९०, ४ ते ८ साठी १००, आणि वय रजिस्ट्रेशनच्या तारखेचं धरतात. होम स्टडी तीन वर्षं चालतो, मग रिन्यू करायचा, ते मात्र डायरीत लिहून ठेवा. रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी सुचवलेल्या मुलाची माहिती, आलं की रिझर्व्ह करायला ४८ तासच असतात, त्यामुळे मोबाइल नंबर अजिबात बदलू नका! आमच्या वेळी ह्यांचा फोन नेमका बोगद्यात लागेना, मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडतेय आणि वॉचमन विचारतोय मॅडम कोण गेलं.
एक गोष्ट बघा. पोर्टलवर इमिजिएट प्लेसमेंट म्हणून भाग असतो, ज्या मुलांना नेहमीच्या रेफरलमधून घर मिळालं नाही ती त्यात येतात, बरीचशी मोठी मुलं, भावंडं, किंवा तब्येतीचं काही असलेली. तिथे सिनियॉरिटी लागत नाही. झेपेल का हे तुमचं तुम्ही ठरवा, कुणी इमोशनल केलं म्हणून हो म्हणू नका, पण बाहेरचा देश शोधण्याआधी हे बघा असं मला वाटतं.

कांदिवलीकर_स
थँक्यू ताई, ८५ चं असं धरतात हे माहीतच नव्हतं, जीवात जीव आला. दादा अजून एक, जरा घरातलं आहे. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिला मागच्या वर्षी तिसरं झालं, ती नि नणदोई म्हणतात की धाकट्याला तुम्ही घ्या, मनापासून म्हणतात. बाळ तिकडेच जन्मलंय. नात्यातलं म्हणजे सोपं ना? सासूबाईंच्या मते तर ओटीत घातलं की झालं.

दादरचा_वकीलबाबू
नाही ना सोपं. अगदी अशीच केस आपल्या मुंबई हायकोर्टात होती, जुलै २०२५ चा निकाल. नातेवाइकांचा मुलगा, जन्म अमेरिकेतला, पासपोर्ट तिकडचा, काही महिन्यांचा असतानाच इथे आणलेला आणि इथेच वाढत होता. कोर्ट म्हणालं की भारतीय माणसाला अमेरिकन मूल दत्तक घ्यायचा मूलभूत हक्क नाही, भले आईबाप नात्यातले असोत. जुव्हेनाइल जस्टिस ॲक्ट, म्हणजे ज्या कायद्याखाली कारा दत्तक देतं तो, परदेशी नागरिक असलेल्या मुलाला लागू होतो तो ते मूल निराधार, संरक्षणाची गरज असलेलं असेल किंवा गुन्ह्यात अडकलेलं असेल तरच, आणि हा तर आईबाप असलेला व्यवस्थित मुलगा. आधी अमेरिकेत तिथल्या कायद्याने दत्तक, मग इकडची पुढची कामं.
म्हणजे तुमच्या नणंदेच्या बाबतीत सुरुवात न्यू जर्सीच्या वकिलाकडून. बाळाला इकडे आणून मग बघू, असं करू नका. आणि उलटं असतं, म्हणजे मूल इथलं आणि घेणारे नातेवाईक तिकडचे, तर त्याला कायद्यात वेगळं कलम आहे, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

चिमणीची_आई
आणि नणंद आता मनापासून म्हणते ते ठीक, पण उद्या बाळ रांगायला लागल्यावर पण म्हणेल का? दोन्ही घरांनी आधी काउन्सेलरकडे बसा. रागावू नका हं, आमच्याच नात्यात यावरून बोलणं बंद झालंय.

कांदिवलीकर_स
रागावत नाही ताई, मलाही तीच भीती वाटते. दादा, आता सांगून टाकते, त्या ऑफिसवाल्याने 'बोलणी करायला' म्हणून आधी काही रक्कम मागितलीय. ह्यांनी अजून दिली नाहीये.

दादरचा_वकीलबाबू
अजिबात देऊ नका. प्रक्रिया डावलून मूल देणं-घेणं हा त्याच जुव्हेनाइल जस्टिस ॲक्टच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन मूल घेतलं तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी नि वर दंड. त्याने व्हॉट्सॲपवर मागितले असतील तर चॅट डिलीट करू नका. पक्या, तुझ्या गावच्या त्या लोकांनाही सांग, स्टॅम्प पेपर दाखवत फिरू नका म्हणावं.

पक्या_भांडुप
सांगतो. आपल्याला काय माहीत एवढं.