प्रतिसाद: लॅन कार्ड बदलल्यावर डीएचसीपी सर्व्हर सुरूच होत नाही

प्रश्न असा: वागळे इस्टेटच्या ऑफिसातल्या डेबियन (लिनक्स) मशीनवर लॅन कार्ड बदललं, तेव्हापासून डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीन्सना आपोआप आयपी पत्ते देणारा प्रोग्राम, सुरू होत नाही. त्यावर वर 'पॅकेज काढून पुन्हा टाका' असं सुचवलंय. त्याने काही होणार नाही. लॉगची ओळ नीट वाचा: 'नो सबनेट डिक्लरेशन फॉर ईएनपी3एस0' (ईएनपी3एस0 हे कार्डाचं नाव), आणि पुढे कंसात 'नो आयपीव्ही4 ॲड्रेसेस'. सगळं त्या कंसात आहे. नवीन कार्ड वेगळ्या स्लॉटमध्ये गेलं की त्याचं नाव बदलतं. 192.168.10.1 हा पत्ता जुन्या नावालाच बांधलेला राहिला, नवीन कार्डाला पत्ताच नाही. मग कॉन्फिगमधला सबनेट (पत्त्यांचा गट) जुळणार कशाशी?

आधी 'आयपी ॲडर' ही कमांड चालवून कार्डाचं खरं नाव बघा. नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये ते बदलून पत्ता द्या. दुसरी जागा बहुतेक जण विसरतात: ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरात आयएससी-डीएचसीपी-सर्व्हर फाइल, त्यात 'इंटरफेसेसव्ही4'. तिथेही नवीन नाव हवं. मग 'डीएचसीपीडी -टी' ने कॉन्फिग तपासा. अर्धविराम राहिला असेल तर चूक बऱ्याचदा पुढच्या ओळीवर दाखवतो, म्हणून एक ओळ वरही बघा.

सुरू होऊनही पत्ते मिळाले नाहीत, तर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं टूल) लावून यूडीपी 67 आणि 68 हे डीएचसीपीचे पोर्ट बघा. एका डिस्कव्हरला (पत्ता मागणारा संदेश) दोन ऑफर (पत्ता देऊ करणारी उत्तरं) दिसल्या, तर वायफाय राउटरचा डीएचसीपीही चालू आहे, तो बंद करा. फायरवॉलवर लगेच संशय नको. लिनक्सवर हा सर्व्हर डिस्कव्हर रॉ सॉकेटवरून, म्हणजे फायरवॉलच्या आधीच थेट कार्डावरून वाचतो, आयपीटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) त्याला सहसा अडवत नाही.

आणि हो, हा सर्व्हर बनवणाऱ्या आयएससी या संस्थेने त्याची देखभाल 2022 मध्येच थांबवलीय. सवडीने किया या त्यांच्याच नवीन डीएचसीपी सर्व्हरवर जा, पण आज नको.