टीबीची गोळी फुकट, तरी माणूस मध्येच सोडतो. यावर पीएचडी करावी का?

कृष्णाकाठची (सांगली)
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यापासून बरीच वर्षं टीबीच्या रुग्णांचं समुपदेशन करते. वय ३८. आता जनआरोग्याच्या सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय बाजूवर पीएचडी करायचं डोक्यात आहे. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, "डॉक्टर होणार म्हणजे सुई टोचता येणार का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

कारण सांगते. वाळवा तालुक्यातला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर. सहा महिन्यांचा कोर्स, गोळ्या फुकट, वर निक्षय पोषण या सरकारी योजनेतून खुराकासाठी महिन्याला १००० रुपये (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले). तरी तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद. माझ्या आधी जो भेट देऊन आला त्यानं शेरा मारला, 'रुग्णाचे असहकार्य'. मी गेले तर गडी गोठ्यात वैरण टाकत होता. चहा होईपर्यंत ऊस, पाऊस, डिझेल. बायको कपबशा घेऊन आत गेली तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, लघवी भगवी हुतीया. किडनी गेली न्हवं?"

रिफाम्पिसिननं लघवीचा रंग बदलतो, पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट. त्याला कुणी सांगितली नव्हती. शिवाय कारखान्याच्या अड्ड्यावर बाकीच्या ड्रायव्हरांनी गोळ्यांचं पाकीट बघितलं तर एका ताटात जेवणं बंद, ही भीती वेगळीच. फॉर्मवर यातल्या कशाला रकाना नाही. माझं मत असं की आपल्या जिल्ह्याला आणखी एक्स-रे मशीन नको, हा रकाना आखणारं माणूस पाहिजे. बोला.

मिरजवाला
मशीन नको म्हणू नका, पोर्टेबल एक्स-रेसाठी आम्ही किती कागद नाचवतो ते आम्हालाच माहीत. मुद्दा असा, की लघवीचा रंग सांगायला पीएचडी लागत नाही. एक छापील पत्रक आणि दोन मिनिटं लागतात. तुमची तक्रार समुपदेशनाबद्दल आहे, संशोधनाबद्दल नाही.

आता पैशाचं. जेआरएफचे, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संशोधन फेलोशिपचे, महिना ३७,००० विसरा. वयाची अट ३०, बायकांना ५ वर्षांची सवलत धरून ३५. तुम्ही बाहेर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान ३ वर्षं, कमाल ६, बायकांना आणखी २. अर्धवेळ करायची तर नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र पाहिजे, ते साहेब सहजासहजी देत नाहीत. पंचेचाळिशीला पदवी हातात येईल, पुढं काय?

माणदेशी पोरगं
डिसेंबर २०२३, नागपूर अधिवेशन. सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपवर बोलताना अजित पवार म्हणाले होते, पीएचडी करून काय दिवे लावणार? ताई, निदान तुमच्याकडं दाखवायला भगवा रंग तरी आहे 😄

सज्जनगडच्या पायथ्याला (सातारा)
मी याच विषयात केलीय, म्हणून जरा लांबड लावतो.

मिरजवाले, पत्रक मीही छापलं असतं. पण पत्रकात काय लिहायचं हे कुठून येतं? माझं काम खटावमधल्या बायकांच्या मनःस्वास्थ्यावर होतं. प्रश्नावली जगभर वापरली जाणारी, नऊ प्रश्नांची, 'गेल्या २ आठवड्यांत' अशी सुरू होणारी. मराठी भाषांतर तयार होतं. पहिल्याच घरी विचारलं, "किती वेळा खिन्न वाटलं?" आजी म्हणाल्या, "खिन्न काय आसतं? जिवाला घोर लागतो का म्हणून इचारा की." खिन्नच्या रकान्यात शून्य भरून मी पुढच्या घरी गेलो असतो. मग शब्द बदलले, एथिक्स कमिटीची परवानगी नव्यानं घेतली, पुन्हा चाचणी घेतली. आठ महिने यातच गेले. गाईड वैतागले. पण शून्याच्या जागी आकडे यायला लागले.

तुमच्या ड्रायव्हरची गोष्ट या शास्त्राच्या मुळाशीच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीबीचा एक्स-रे गाडीतून दारात फुकट मिळायचा, तरी लोक येईनात. का येत नाहीत, यावर हॉकबम, रोझेनस्टॉक या मानसशास्त्रज्ञांनी डोकं लावलं. मला हा आजार होईल असं वाटतं का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा काय, आडवं काय येतं. आजही पहिल्या सेमिस्टरला हेच शिकवतात.

फडातला
आणि तिथंच घोडं पेंड खातं. 'मला वाटतं का' म्हणे! आमच्याकडं एकट्याला काय वाटून चालतं? बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, २०१९ ला सरकारी समितीचा अहवाल आला, त्यात १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या. याच बायका दर हंगामाला आपल्या सांगली-साताऱ्याच्या फडात येतात. पाळीत एक दिवस बसली की खाडा, खाडा पडला की मुकादम उचलीतून कापणार, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक बसला की दोघं बसले. याला 'वर्तन' म्हणायचं? वर्तनशास्त्र म्हणजे गरिबाच्या डोक्यात काय बिघडलं ते शोधायचं सरकारी काम, असं मी आजवर बघितलंय. बदलायचा तर खाडा बदला.

सज्जनगडच्या पायथ्याला (सातारा)
मान्य. म्हणून नावात 'सामाजिक' आधी आहे. पण खाडा आणि गर्भपिशवी यांची गाठ कागदावर बांधून दाखवायला कुणीतरी बायकांना नीट विचारावंच लागलं ना?

गटप्रवर्तक, जत
मी काही शिकलेली नाही तुमच्यासारखी, पण बोलते. माझ्या भागात चार वेळा सर्वे झाला. पोरं येतात, सही घेतात, चहा पितात, जातात. रिपोर्ट परत आणून कुणी दाखवला नाही. लघवीचं काय, मशेरीचं काय, आशांना सगळं ठाऊक असतं. विचारतं कोण? मासिक बैठकीत आमच्यासमोर नुसते तक्ते, कुणाचं टार्गेट किती राहिलं. पीएचडीवर जो पैसा जाणार तो आशांच्या मोबदल्यात घाला, सहा महिन्यांत फरक दिसेल.

मिरजवाला
+१. शंभर टक्के.

कृष्णाकाठची (सांगली)
ताई, तुमचं लागलं मनाला. चहा पिणाऱ्यांत मीही आहे. पण बैठकीत तुमचं ऐकत नाहीत, तेच मी तक्त्यात बसवून मांडलं तर ऐकतात, हा अनुभव आहे. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. आणि मिरजवाले डॉक्टरसाहेब, 'पुढं काय' याचं उत्तर माझ्याकडं नाही. पीएचडीचा फॉर्म मात्र भरलाय, काल रात्रीच.

तोवर तुमचं पत्रक करूया. पहिली ओळ लिहिलीय: 'या गोळ्यांमुळे मूत्राचा रंग नारिंगी होऊ शकतो. हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे, चिंता नसावी.'

गटप्रवर्तक, जत
मूत्र काढा. नारिंगी पण काढा, भगवी लिहा. आणि 'अपेक्षित परिणाम' कोण वाचणार? 'किडनीला काही झालेलं नाही' असं सरळ लिहा, भीती त्याचीच असते. कन्नडमध्ये पण लागेल, आमची अर्धी गावं तिकडची. ते मी सांगते, फोन करा.